आधी खुरपे, मग बाकीचे

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या घरामागची दहा बाय पंधरा फुटांची पडीक जागा लागवडीखाली आणायचे ठरवले, तेव्हा माझ्या हातून पहिली चूक झाली ती अवजारांच्या खरेदीत. हिरव्या मुठींचा, दिसायला देखणा असा पाच अवजारांचा संच मी घरबसल्या मागवला आणि त्यातले हाताएवढे फावडे पहिल्याच दिवशी मानेपाशी वाकले. कुंडीतल्या भुसभुशीत मातीत ते आजही उत्तम चालते, पण आमची जमीन काळी असून ती उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते आणि पावसाळ्यात पायाला चिकटून घरात येते; तिच्यापुढे पातळ पत्र्याचा टिकाव लागणे शक्यच नव्हते. शेजारच्या काकूंनी ते वाकलेले फावडे पाहिले आणि म्हणाल्या, "हे खेळणं ठेवून दे. आठवडी बाजारात लोहार बसतो, त्याच्याकडून आधी एक खुरपं आण."

त्यानुसार खुरपे आणायला गेलो, तेव्हा मी डावखुरा आहे हे लोहाराच्या माझ्याआधी लक्षात आले. खुरप्याचे पाते एका बाजूला वळलेले असते आणि धारही एकाच अंगाला काढलेली असते, त्यामुळे उजव्या हाताचे खुरपे डाव्या हातात धरले की ते माती कापण्याऐवजी तिच्यावरून घसरते. त्याने उलट्या वळणाचे खुरपे पुढच्या आठवड्यात घडवून दिले. ते गाडीच्या जुन्या पाट्याच्या लोखंडाचे आहे. हे लोखंड मुळात स्प्रिंगचे असल्याने चिवट असते आणि धारही बराच काळ धरते. कोणतेही अवजार निवडताना मी आता पात्याच्या चकाकीपेक्षा पाते आणि दांडा यांच्या जोडाकडे आधी पाहतो. पात्याचे शेपूट दांड्यात खोलवर गेलेले असावे, दांड्याच्या तोंडाशी लोखंडी कडे घट्ट बसलेले असावे आणि अवजार हलवून पाहिल्यास कसलाही खुळखुळाट होऊ नये.

खुरप्याने उथळ मुळांचे तण झटपट निघते, मात्र हरळी आणि लव्हाळा यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही. हरळीचा कापलेला प्रत्येक तुकडा नव्याने मूळ धरतो आणि लव्हाळ्याचे वरचे पाते छाटले तरी जमिनीतली गाठ जिवंत राहते. पहिल्या पावसाळ्यात मी मोठ्या उत्साहाने हरळी खुरपली आणि एका अर्थी तिची लागवडच केली. तिथे कुदळीने खोल उकरून, ढेकूळ हाताने फोडून, मुळे आणि गाठी वेचून काढाव्या लागतात.

कुदळ मात्र उसनी आणावी असे माझे मत आहे, कारण एवढ्या जागेत ती वर्षातून दोन-चार वेळाच लागते. खणण्यासाठी जमिनीला वापसा आलेला असावा, म्हणजे मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच तो फुटावा. ओल्या काळ्या मातीत कुदळ चालवली तर निघालेली ढेकळे वाळून दगडासारखी होतात, मग अवजार कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

पैसे मोजावेत ते छाटणीच्या कात्रीसाठी. हिरव्या, ओल्या फांद्यांसाठी जिची पाती एकमेकांना घासून जातात अशी कात्री घ्यावी. एकच पाते सपाट पट्टीवर येऊन दाबणारी कात्री कोवळी फांदी चेचते. बोटापेक्षा जाड फांदीला कात्री लावू नये, तिथे करवत वापरावी. गुलाबाची छाटणी आमच्याकडे पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात होते. त्या वेळी बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप घ्यावा आणि एका झाडाकडून दुसऱ्या झाडाकडे जाताना पाती स्पिरिटने पुसावीत, म्हणजे फांदीमर, म्हणजे फांदी टोकाकडून वाळत जाण्याचा रोग, कात्रीबरोबर बागभर फिरत नाही.

झारीविषयी एवढेच सांगतो की तिच्या तोंडाची छिद्रे बारीक असावीत, नाहीतर नुकतीच पेरलेली मेथी वाफ्याच्या एका कोपऱ्यात गोळा होते.

काम संपल्यावर माती खरवडून, पाते कोरडे करून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा बोळा फिरवायला दोन मिनिटे लागतात. धार बोथट झाली की कानस फक्त उताराच्या अंगाने, एकाच दिशेने चालवावी. पाते फारच झिजले तर ते लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून पुन्हा धारेचे करून, आणावे. कुदळीचा दांडा ढिला झाला की काही जण ती पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगते आणि दांडा घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण वाळल्यावर तो पुन्हा हलू लागतो, म्हणून पाचर ठोकणेच बरे.

खंडेनवमीला आमच्याकडे आता सायकलीच्या शेजारी हे खुरपे, कात्री आणि झारी मांडली जाते. पूजेसाठी म्हणून आदल्या दिवशी सगळे घासूनपुसून, धार लावून ठेवले जाते आणि लगेच पुढे गुलाबाची छाटणी येते, त्यामुळे वर्षातले हे एक काम तरी माझ्याकडून वेळेवर होते. तो हिरवा संच अजून माळ्यावर आहे.