गटाराकाठच्या सफरचंदाचे डोळे फुटले एकदाचे

फुटले! माझ्या सफरचंदाच्या रोपाचे बाजूचे डोळे (म्हणजे फांदीवरच्या कळ्या, ज्यातून पालवी येते) फुटले, आणि तेही इथं गोव्यातल्या फोंड्यात, जिथं यंदा स्वेटर कपाटाबाहेर आलंच नाही.

मागचं वाचलेल्यांना रोप ठाऊक आहे, ज्यूसवाल्याच्या मागल्या बाजूला चिऱ्याच्या भिंतीच्या बुडाशी, तो चोथा ओततो तिथं आपोआप उगवलेलं. हे सफरचंद नसून बोर आहे म्हणणारे अजून दोघंतिघं आहेत, त्यांच्यासाठी शेवटचं सांगतो: बोराच्या पानाला देठापासूनच तीन शिरा निघतात, इथं मधली एकच शीर आणि बाकीच्या तिच्यातून फुटलेल्या, कड बारीक दातेरी, खालच्या बाजूला पांढुरकी लव. विषय संपला.

उगवलं कसं याचं मला आता फारसं आश्चर्य वाटत नाही. सफरचंदाच्या बीला रुजायच्या आधी दोन-अडीच महिने ओली थंडी लागते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये मिळणारं काश्मीर-हिमाचलचं सफरचंद आदल्या पावसाळ्याच्या शेवटाला उतरवलेलं असतं आणि तेव्हापासून शून्याच्या आसपास कोल्ड स्टोरेजमध्ये पडून असतं, म्हणजे बीची थंडी फळाच्या पोटातच पुरी होते. कधीकधी फळ कापलं की आत मोड आलेली बी दिसते ती त्यामुळंच. म्हणून उन्हाळ्यातला चोथा आणि त्यावर जूनचा पाऊस, रुजायला अजून काय पाहिजे.

रुजलं ठीक, पण पुढं जे अडलं त्यानं डोकं फिरवलं. रोप कमरेएवढं झालं आणि थांबलं, बुडापासूनच्या दोन्ही फांद्यांना वर शेंड्याला पानांचा झुबका, खाली नुसती काठी, आणि काठीवरचे सगळे डोळे गाढ झोपलेले. खत देऊन बघितलं, झुबका अजून दाट झाला. शेंडा खुडला तर अगदी वरचा एकच डोळा उठला आणि तोच नवा शेंडा होऊन बसला! कारण साधंच आहे, थंड मुलखात पान गळतं, झाड झोपतं, सात अंशांखालचे शेकडो तास मोजून झाले की सगळे डोळे एकदम जागे होतात. आपल्याकडं जानेवारीच्या पहाटेलाही पारा एकोणीस-वीसच्या आसपास, त्यामुळं पान गळतच नाही आणि जुनं पान डोळ्याला उठू देत नाही.

उपाय जावाचा आहे. इंडोनेशियात, पूर्व जावात मलांगजवळ बाटू म्हणून गाव आहे, विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ असून तिथं सफरचंदाच्या बागा आहेत आणि वर्षाला दोन बहार घेतात. फळं उतरवली की काही आठवड्यांनी माणसं हातानं झाडाची सगळी पानं ओरबाडून काढतात, झाडाला वाटतं हिवाळा होऊन गेला. आता ते गाव डोंगरावर आहे, आपण जवळजवळ समुद्रसपाटीला, म्हणून माझी फार आशा नव्हती, पण नाताळाच्या सुमाराला पानं काढली. ओरबाडायचं नाही हं, देठ अर्धा ठेवून कात्रीनं कापायचं, नाहीतर सालीबरोबर डोळाच निघून येतो. समोरच्या काकी गॅलरीतून बघत होत्या, त्यांनी एकच शब्द टाकला, "पिसो!" (वेडा!)

आणि आता खरी गंमत. रोपाला बुडापासून दोन फांद्या आहेत, त्यातली एक सुंभानं बांधून खाली ओढली, अगदी जमिनीला समांतर, सुंभाच्या दुसऱ्या टोकाला फुटका चिरा. दुसरी उभीच ठेवली. उभ्या फांदीला वरचे दोनच डोळे आले, बाकी ढिम्म. आडवीला मात्र वरच्या अंगाला ओळीनं डोळे फुगले, आधी तपकिरी खवला सुटला, मग आतून राखाडी लोकरीसारखं टोक, मग घडी घातलेली पानं, कडेला किंचित गुलाबी. म्हणजे नुसतं पान काढून भागत नाही, फांदी वाकवायला पाहिजे, मग शेंड्याचा दरारा संपतो. उभी फांदीही कालच वाकवून टाकली. कुंडीतली पेअर किंवा पीच अडकलेली असतील तर हे आधी करून बघा, डोळे फोडायला बागायतदार फवारतात त्या हायड्रोजन सायनामाइडच्या नादाला घरी कृपया लागू नका, ते फार विषारी असतं.

लगेच "फळ कधी" विचारू नका. बियाणाचं सफरचंद फळायला सहा ते दहा वर्षं सहज घेतं आणि फळ आईसारखं येईल याची खात्री नाही. हिमाचलचे शेतकरी हरिमन शर्मा यांची गरम हवेत फळणारी सफरचंदाची जात एचआरएमएन-९९ अशीच हिमाचलच्या खालच्या गरम पट्ट्यात, बिलासपूर जिल्ह्यात, परसात टाकलेल्या बीतून आली, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली, पण असं नशीब लाखात एखाद्याचं. माझा बेत हे रोप खुंट म्हणून (ज्यावर चांगल्या जातीचं कलम बांधतात ते) वापरायचा होता, रोप उपटून कुंडीत आणायचं आणि पावसाळ्यात पाचर कलम. हे लिहिता लिहिताच वाटायला लागलंय की उपटायचं कशाला? मूळ भिंतीच्या पायात गेलंय, ओढलं तर अर्धं तुटणार. जागेवरच डोळा भरतो, म्हणजे दुसऱ्या जातीचा डोळा सालीखाली बसवतो, रस आता चढतोय, साल सुटायला लागेल. एका फांदीवर अन्ना आणि दुसरीवर डॉर्सेट गोल्डन, दोन्ही कमी थंडीत भागणाऱ्या जाती, कारण सफरचंदाला परागासाठी दुसरी जात लागते आणि या दोघींचा फुलायचा काळ जुळतो. डॉर्सेट तर बहामात सापडलेली, तिला आपली हवा काय परकी वाटणार.

अडचण कलमाच्या काडीची. ऑनलाइन नर्सरीचा मला आता वैताग आलाय. एकीनं अन्ना म्हणून पाठवलेली काडी कुरिअरमध्ये वाळून खडखडीत, दुसरीनं जे रोप पाठवलं ते चक्क ॲपल बेर, म्हणजे मोठं बोरच (तीन शिरा!), फोन केला तर म्हणे नावात ॲपल आहेच की. काडी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या, ओल्या वर्तमानपत्रात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. कलमावर गुंडाळायच्या टेपचं म्हणाल तर पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणाची पट्टी) महाग असली तरी इथल्या दमटपणात तीच बरी, साध्या प्लास्टिक पट्टीखाली पाणी साठून बुरशी धरते.

पावसाळ्याचीच खरी भीती आहे, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर गटाराचा काठ. मेअखेर बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) लावणार, नंतर कुळागरात (सुपारीच्या बागेत) सुपारीला एक टक्क्याचं बोर्डो मारतात तेव्हा बादलीभर मागून आणणार. भोवती चिरे रचलेत आणि लाल फडकं बांधलंय, गवत कापणारे येतात तेव्हा मशीन काही बघत नाही.

बाकी वाड्यावरची नोंद थोडक्यात. ट्रान्सफॉर्मरमागची तुती लगडलीय, पोरं खाली फिरकू देत नाहीत. सिंगापूर चेरी आता चर्चच्या कंपाउंडच्या फटीतही निघालीय, वटवाघळांची कृपा. कुणी म्हणतं परदेशी झाडं माजलीत, अहो, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू आपल्या डोंगरांवर रानासारखा पसरलाय आणि त्याच्या फेणीला २००९ मध्ये जीआयसुद्धा (भौगोलिक मानांकन) मिळाला, मग एका सफरचंदावर एवढा राग कशाला. काकींचा सूरही आता बदललाय, चवथीच्या माटोळीला (गणपतीवर रानफळं टांगतात त्या चौकटीला) कवंडळ, आंबाडे, तोरिंगणाच्या शेजारी घरचं सफरचंद टांगायला मिळेल का विचारत होत्या. यंदा नाही म्हटलं.

अन्नाची ताजी काडी बेळगाव-कोल्हापूरकडं कुणाकडं असेल तर सांगा, मी स्वतः येऊन नेतो, पेन्सिलीएवढी जाड चालेल. डोळे अजून न उमललेले हवेत, त्यामुळं घाई आहे.