एकच जालीम औषध का देत नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

सुट्टीला कोल्हापूरला आले की शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न ठरलेला. मी पुण्याला लॅबमध्ये कॅन्सरच्या औषधांच्या जोड्या तपासते हे सगळ्यांना माहितीये. परवा शेजारच्या मावशी, त्यांच्या दिरांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर झालाय, आर-चॉप चालू आहे, म्हणजे दर 21 दिवसांनी पाच औषधं, तर त्या म्हणाल्या, "अगं, एवढी सगळी कशाला टोचत्यात, एकच जालीम देऊन मोकळं व्हायचं की!"

मावशी, ते करून झालंय. 1947-48 ला बोस्टनमध्ये डॉक्टर सिडनी फार्बरांनी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या पोरांना एकच औषध दिलं, काही पोरं उठून खेळायला लागली आणि काही महिन्यांत रोग परत. हिशोब बघा ना, सेंटीमीटरभर गाठीत साधारण 100 कोटी पेशी. समजा 10 लाखांत एक पेशी त्या औषधाला दाद देत नाही, तरी हजार उरल्या, आणि त्या हजारांचीच परत गाठ होते. पण दोन वेगळ्या औषधांना एकदम पुरून उरणारी पेशी 1 लाख कोटींत एखादी, तेवढ्या पेशी तिथं नसतातच. टीबीला आपण इतक्या गोळ्या एकदम देतो ते याचसाठी, आणि 60 च्या दशकात फ्राय आणि फ्रायराइक या डॉक्टरांनी तिथूनच धडा घेऊन ल्युकेमियाला चार औषधं एकत्र दिली.

आता कुठलीही चार कालवून चालत नाही. प्रत्येकाचा त्रास शक्यतो वेगळ्या जागी पाहिजे, म्हणजे डोस फार न कापता देता येतात. आर-चॉपमधलीच बघा, विनक्रिस्टीन नसांना त्रास देतं, ते लालभडक डॉक्सोरुबिसिन हृदयाला, प्रेडनिसोलोननं शुगर चढते. तरी लाल औषध आणि सायक्लोफॉस्फमाइड दोन्ही रक्तपेशी पाडतातच, म्हणून तर 21 दिवस थांबायचं, रक्तपेशी बनवणारी हाडातली मज्जा सावरेपर्यंत.

एक कबुली देते, मला सुरुवातीला वाटायचं की चांगली जोडी म्हणजे एकमेकांची ताकद वाढवणारी, आणि आम्ही लॅबमध्ये पेशींच्या प्लेटच्या प्लेटा भरून तेच शोधायचो (100 औषधांच्या जोड्याच 4950 होतात, तिघांचे गट 1,61,700, डोस बदलले तर विचारूच नका). पण 2019 ला आर-चॉपवरच एक अभ्यास आला, त्यात ही औषधं एकमेकांना फारशी साथ देताना दिसलीच नाहीत. एकाला चकवणारी पेशी दुसऱ्याला सहसा चकवू शकत नाही, बस एवढंच. मला थोडं वाईटच वाटलं, खरं सांगायचं तर.

मावशींच्या दारात सदाफुली आहे, विनक्रिस्टीन मूळ त्याच झाडातलं. मी बोलून गेले आणि पस्तावले, कारण लगेच "मग पानं देऊ काय त्यास्नी?" अजिबात नको म्हटलं, पानात ते अगदी किंचित असतं आणि बाकी भलतंच बरंच काही. बरं म्हणाल्या, देवाला दोन फुलं तोडली, मग एकदम आठवल्यासारखं, "त्यांच्या हातापायाला मुंग्या येत्यात बघ, ते कशानं?"

त्याच झाडानं, मावशी. डॉक्टरांना सांगा, डोस बघतील.