फूकोचा लंबक : फिरला, पण उलटा

आमच्या जिन्यात फूकोचा लंबक टांगतोय : लांब तारेवरचा जड गोळा, ज्याच्या झोक्याची दिशा पृथ्वीच्या फिरण्यामुळे हळूहळू वळताना दिसते. तारेचं रडगाणं एकदाचं मिटलं. पिळाची ब्रेक केबल काढून एकेरी पियानो वायर लावली आणि गोळ्याचं गरगरणं बंद झालं. वरच्या टोकाला ड्रिल चकमध्ये (ड्रिलचं पातं पकडणाऱ्या जबड्यात) तार धरायची ही युक्ती तर कुठल्याही महागड्या क्लॅम्पपेक्षा सरस. खाली तोच 7.26 किलोचा गोळाफेकीचा गोळा, लांबी 6 मीटर, दोलनकाळ 4.9 सेकंद. गोळा बाजूला ओढून दोऱ्याने बांधायचा; तो दोरा जाळला की गोळा इतका सरळ सुटतो की बघत राहावं.

पण रविवारी झोक्याचं प्रतल (ज्या उभ्या पातळीत गोळा झुलतो ती) पाव तास बरोबर दिशेने सरकलं, थबकलं आणि चक्क मागे फिरलं. पुण्यात तासाला पावणेपाच अंश हवेत, वरून पाहता घड्याळाच्या दिशेने. (पॅरिसला 11 च्या वर मिळतात. दिल्लीचा संसदेतला लंबक 50 तासांत फेरी पुरी करतो, आपल्याला 75 लागणार.)

दुखणं लंबवर्तुळाचंच : गोळा सरळ रेघेत न झुलता चपट्या लंबवर्तुळात फिरू लागतो आणि ते लंबवर्तुळ स्वतःच्याच फिरण्याच्या दिशेने वळत जातं. मधल्या रेषेपासून आडवा फुगवटा 1 सेंमी झाला, तर 30 सेंमीच्या झोक्याला तेवढ्यानेच तासाला 8 अंशांचं वळण मिळतं. माझ्या लंबवर्तुळात गोळा घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणजे पृथ्वी हरलीच. लांबी वाढवली की हा त्रास झपाट्याने घटतो. फूकोने 1851 मध्ये पँथिऑनमध्ये 67 मीटर तार उगाच नव्हती टांगली. आमचा जिना तीन मजली.

मग दिशा बदलून सोडून पाहिलं. भिंतीला समांतर किंवा काटकोनात सोडला तर रेघ रेघच राहते, 45 अंशांत सर्वाधिक फुगते. चक 45 अंश वळवला, तरी फरक शून्य. म्हणजे चक निर्दोष, खोट तो ज्यावर बसवलाय त्या भिंतीतल्या लोखंडी अँगलमध्ये. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावला : एका दिशेत काटा ढिम्म, दुसरीत 0.02 मिमी. एवढ्यानेच दोन दिशांचे दोलनकाळ वेगळे पडतात आणि अर्ध्या तासात सेंमीभर फुगवटा येतो. वेल्डर म्हणाला होता, "साहेब, माणूस लटकला तरी हलणार नाही." माणूस लटकवायचाच नव्हता हो!

अँगलला तिरका टेकू द्यायचा ठरवलं होतं, पण भिंतच विटांची, तीही लवेल. त्यापेक्षा शार्रोंची रिंग (1931) : तार झोक्याच्या टोकाला कड्याला घासते आणि आडवी गती तिथेच मरते. घर्षणाने ऊर्जा जाणार, आणि आपल्याकडे आहेच किती? गोळा टोकाला जेमतेम 7.5 मिमी वर चढतो, म्हणजे अर्धा ज्यूल. झोका टिकवायला विद्युतचुंबकाचा (कॉइलचा) धक्का आता टळत नाही.

रिंग केंद्रात नेमकी बसली नाही, तर नवीच खोड लागेल. लिहिता लिहिता सुचलं : दुर्बिणीच्या फाइंडरचा (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचा) तीन स्क्रूंचा ब्रॅकेट, स्क्रू फिरवून केंद्र जुळवता येईल! जुना पडून आहेच. त्यात पितळी कडं बसवायचं, आतल्या कडा गोल करून. टर्नरकडे उद्याच टाकतो. टेकूचं लोखंड आणलंय, ते तूर्त माळ्यावर. विद्युतचुंबकाची कॉइल किती वेढ्यांची घ्यावी, हे कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.