आबांकडे नसलेली रायफल

झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

बंदुकांच्या दुकानातल्या माणसाने वावगं काही विचारलं नव्हतं. "तुमच्या ग्रँडपाकडे होती का अशी एखादी?" एवढंच. टेक्सासात काउंटरपलीकडचा म्हातारा हे सगळ्यांनाच विचारतो, आपल्याकडे "गाव कुठलं?" विचारतात तसं. मी "नाही" म्हणालो, रायफल परत काउंटरवर ठेवली आणि पार्किंगमध्ये येऊन गाडी चालू न करता बसून राहिलो.

आबांकडे कोयता होता. ऊस तोडायचा. तो सांगितला असता तरी चाललं असतं.

गेले कित्येक महिने मी ही रायफल निवडतोय. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीच्या १८९२ मॉडेलची नक्कल, त्यात टेकडाउन, म्हणजे दोन तुकड्यांत सुटणारी. जॉन ब्राउनिंगने १८८६च्या थोरल्या, जाड काडतुसांच्या रायफलची हलकी धाकटी बहीण काढली ती ही. आत काडतूस नाही ना बघायचं, मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं ठेवायच्या नळीच्या टोकाची खिट्टी उघडायची, ती फिरवून पुढे ओढायची, लिव्हर, म्हणजे चापाखालचा दांडा, खाली, आणि बॅरलला पाव वेढा. आटे सलग नसतात, मधे खाचा ठेवलेल्या असतात, म्हणून पाव वेढ्यात सुटतं सगळं. हातात दोन तुकडे. पहिल्यांदा केलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. चोवीस इंची अष्टकोनी बॅरल असूनही आखूड बॅगेत मावते, कपाटात वरच्या फळीवर जाते, भिशीला आलेल्यांना दिसत नाही. वैशूचं यावरचं मत... राहू दे.

पण ग्रँडपा. माझं खटकणं नक्की कशाचं आहे? त्याने मला परका मानलं असं नाही, उलट घरचाच धरला. आणि तिथेच मी उघडा पडलो. ज्याचे आजोबा कुंपणाच्या तारा ओढत या रायफली खोगिराला लटकवून फिरले, त्याने नक्कल घेतली तर ती आठवण. मी घेतली तर काय? लहानपणी दूरदर्शनवर बघितलेलं घोड्यांचं काहीतरी? दुसऱ्याच्या आजोबांची आठवण मी हप्त्याने विकत घेतोय. रडूच येईल की काय असं वाटलं मघाशी, आणि इथे पंचेचाळिशीतला माणूस लिव्हर-अ‍ॅक्शनसाठी रडत नाही.

मग वाद घालायला म्हणून नकलांचीच वंशावळ काढली. विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद झाला. आज 'विंचेस्टर' कोरलेली १८९२ येते ती जपानच्या मिरोकूकडून, शिकोकू बेटावरच्या कोचीतून. काम इतकं नेटकं की सांधा शोधावा लागतो. फक्त घोड्याच्या (हॅमरच्या) मागे, दस्त्याच्या मानेवर, सेफ्टीचं सरकतं बटण आहे, आणि ते मुळात नव्हतंच. दुसरी इटलीची, ब्रेशाकडची. तिला बटण नाही, जुन्यासारखी घोडा अर्ध्यावर अडकवून ठेवायची खाच तेवढी. पण ती .४५ कोल्ट या काडतुसातही मिळते, आणि एकोणिसाव्या शतकात .४५ कोल्टची लिव्हर रायफल कोणी बनवलीच नाही! काउबॉय म्हटलं की ज्याला त्याला हेच काडतूस आठवतं, आणि कमरेच्या पिस्तुलातलं ते रायफलीत कधी गेलंच नव्हतं. खरं जोडीचं म्हणजे .४४-४०, पिस्तुलात आणि रायफलीत एकच.

म्हणजे कोचीतल्या कारागिराच्या आजोबांकडे नव्हती, ब्रेशातल्याच्या आजोबांकडे नव्हती, माझ्या आबांकडे नव्हती. या रायफलीच्या गोतावळ्यात मी अगदीच उपरा नाही दिसत. म्हाताऱ्याला हे सांगायला हवं होतं. तो बहुधा "ओके" म्हणाला असता.

आता निर्णय. मनातून .४४-४०, बटण नसलेली, इटालियन. पण तिची काडतुसं महाग, सगळीकडे मिळतही नाहीत. .३५७ घेतली तर तिच्यात .३८ स्पेशल हे काडतूसही चालतं, आणि ते स्वस्त. .३५७ आली १९३५ साली, म्हणजे काउबॉय वगैरे संपल्यावर. इतिहास गेला खड्ड्यात, वर्षाचा हिशोब काढला तर काडतुसांत फरक पडतो. एवढा ऐतिहासिक शोक करून अखेर मी पेटीचा भाव बघणार, हे आबांना नक्की पटलं असतं. ते कोयत्याला धार लावायचे पैसेही घासाघीस करून द्यायचे.

इटालियन .३५७. उद्या फोन करतो. वैशूला परवा.

संध्याकाळी आईला विचारलं होतं, खंडेनवमीला पूजेत ठेवायची झाली तर जोडून ठेवायची की दोन तुकड्यांत? तिने आधी विचारलं, "रिकामी असेल ना?" मग म्हणाली, जोडूनच ठेव, आणि हळदकुंकू कोरडं वाहा, ओलं लावलंस तर त्या पॉलिशवर डाग पडेल. कोयत्याला कसा पडायचा, आठवतंय ना.