क्रूझची शेवटची रात्र आणि उतरायची सकाळ: सांगलीहून जाणाऱ्यांसाठी

सिंगापूरहून सुटून पेनांग, फुकेत करून पुन्हा सिंगापूरला लागणाऱ्या क्रूझवर आम्ही विश्रामबागेतली चार घरं मिळून गेलो होतो. बुफे केवढा, पोहायचा तलाव कितव्या मजल्यावर, हे ट्रॅव्हलवाले भरभरून सांगतात. उतरायचं कसं, हे कुणी सांगत नाही, आणि आपल्याकडच्या माणसांची धांदल नेमकी तिथंच उडते. आपण जहाजाला लॉज समजतो: सकाळी उठू, अंघोळ करू, बॅगा भरू, चावी देऊ आणि निघू. जहाजावर तसं चालत नाही. त्याच दुपारी त्याच केबिनांत नवे प्रवासी येणार असतात, त्यामुळे सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास तुम्हाला केबिनबाहेर काढल्याशिवाय साफसफाई करणाऱ्यांचं काम सुरूच होत नाही. म्हणून शेवटच्या रात्रीची कामं दुपारीच उरकायची. काही तर त्याच्याही आधी, फुकेतला.

फुकेतला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. पातोंगसमोर नांगर टाकतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर सोडतं. तिथं चहा-कॉफीच्या दुकानात वायफाय मिळतं. जहाजावरचं इंटरनेट महाग आणि मंद. त्या वायफायवर आधी एक काम करा: सिंगापूरचं अरायव्हल कार्ड. मुंबईहून विमानानं आलात तेव्हा ते भरलेलं असतं, म्हणून पुष्कळांना वाटतं झालं. पण जहाजातून उतरता तेव्हा तुम्ही सिंगापुरात दुसऱ्यांदा प्रवेश करता, त्यासाठी कार्डही नव्यानं भरावं लागतं. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं. सिंगापूर इमिग्रेशनच्या अधिकृत साइटवर एक पैसा लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली की ती दलालाची समजा आणि बंद करा. आमच्यातल्या एका भाच्यानं सगळ्यांची कार्डं तिथंच बसून भरली आणि त्यांचे फोटो प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकले. ज्येष्ठांच्या गटात असा एक पोरगा हवाच. याच कारणानं व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा लागतो, ते मात्र सांगली सोडण्याआधी बघायचं.

फुकेतनंतरचा दिवस पूर्ण समुद्रात जातो. तो दिवस लोळण्यासाठी आहे असं छापील कार्यक्रमात वाटतं. आमच्या जहाजावर चढताना पासपोर्ट काढून घेतले होते, आशियातल्या बऱ्याच क्रूझवर तसं करतात, आणि ते याच दिवशी ठरलेल्या वेळी परत देतात. वेळ केबिनमध्ये आलेल्या कागदावर असते. पासपोर्ट हातात आला की स्वतःचाच आहे ना, एवढं तिथंच उघडून बघा. एकाच आडनावाची दहा माणसं असली की अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही, आणि आमच्या गटात तर पाटीलच निम्मे.

मग बिल. जहाजावर रोख फिरत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं. त्यात माणशी, रात्रीमागे टिपची रक्कम आपोआप लागते, बऱ्याच जहाजांवर लहान मुलांचीही. बिल केबिनच्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या ॲपवर दिसतं. ते दुपारी बघा. न घेतलेलं पाणी, दुसऱ्याच्या टेबलावरचं काही, असं चढलेलं असेल तर त्या वेळी काउंटरवर दोन माणसं असतात. रात्री दहानंतर तिथं रांग वळणं घेत जिन्यापर्यंत जाते. ज्यांनी रोख अनामत भरली असेल त्यांनाही उरलेले पैसे घ्यायला त्याच रांगेत यावं लागतं. कार्ड दिलं असेल तर बँकेनं अडवून ठेवलेली रक्कम सुटायला पुढं काही दिवस जातात, तेव्हा त्याच कार्डावर सिंगापूरची खरेदी करायचा बेत असेल तर जपून. फॉरेक्स कार्डवाल्यांना हा त्रास जास्त, कारण त्यात मोजकेच पैसे भरलेले असतात.

आता आपल्या भागातल्या माणसांसाठी खास. सिंगापुरात खायची तंबाखू, मळून असो नाहीतर पुडीतली, आत न्यायला बंदी आहे. च्युइंग गमला बंदी, ई-सिगारेटला बंदी. साध्या सिगारेटलाही शुल्कमाफी नाही. एक सिगारेट असली तरी ती जाहीर करायची, आणि पाकीट त्यांच्या ठरलेल्या छापाचं नसेल तर तेही चालत नाही. आमच्यातले एक अण्णा पहिल्या प्रवेशाला सुदैवानं सुटले होते आणि चंची जहाजावर मिरवत होते. शेवटच्या रात्री वहिनींनी ती त्यांच्या देखत केबिनच्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली. अण्णा दुसऱ्या दिवशी मुंबईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत, पण दंड वाचला.

दारूचं गणित वेगळं. सिंगापूरबाहेर किमान 48 तास काढलेले असले आणि तुम्ही मलेशियातून येत नसाल, तर एकूण दोन लिटरपर्यंत माफी मिळते, त्यात व्हिस्की-रमसारखी एकच लिटर. म्हणजे शेवटचं बंदर फुकेत असेल तर ठीक, मलेशियातलं पेनांग किंवा पोर्ट क्लांग असेल तर नाही. जहाजावरच्या दुकानातून घेतलेली बाटली तुम्हाला लगेच देत नाहीत, शेवटच्या संध्याकाळी केबिनमध्ये आणून देतात. ती मोठ्या बॅगेतच जायला हवी, कारण चांगी विमानतळावर हातातल्या सामानात चालत नाही. आणि दुकान जहाज बंदराजवळ येण्याआधीच बंद होतं, त्यामुळे "जाता जाता घेऊ" हे विसरा.

बॅगांचं आता सविस्तर सांगते, कारण खरी मजा तिथं आहे. दुपारपर्यंत केबिनमध्ये रंगीत किंवा आकडे घातलेले टॅग येतात. त्या रंगावर तुमची उतरायची वेळ ठरते. विमान दुपारचं असेल आणि टॅग शेवटच्या गटाचा आला असेल तर दुपारीच काउंटरवर जाऊन बदलून घ्या, रात्री टॅग संपतात. बॅगेवरचे विमानाचे जुने टॅग फाडा, नवा लावा, नाव-केबिन लिहा, आणि रात्री अकराच्या आत बॅग दाराबाहेर ठेवा. नंतर ती थेट बंदरातल्या हॉलमध्येच दिसते.

म्हणूनच काय बाहेर ठेवायचं नाही, हे महत्त्वाचं. सकाळचे कपडे, चपला, दात, चष्मा, बीपी-साखरेच्या गोळ्या, इन्शुलिन, पासपोर्ट, चार्जर, पॉवर बँक, दागिने. हसू नका. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ सकाळी बर्म्युडा आणि जहाजाच्या पांढऱ्या स्लिपर्स घालून उतरले, बाकी सगळं पुढं गेलं होतं. वजनाचंही बघा. जहाजाला वजनाचं काही नाही, विमानाला आहे. पेनांगची कॉफी, फुकेतची पर्स आणि तीन जणींनी मिळून घेतलेली छत्र्यांची थैली हे सगळं चांगीच्या काट्यावर चढणार असतं. सांगलीहून नेलेलं भडंग तोवर संपलेलं असतंच, ती जागा धरून हिशेब करू नका, ती केव्हाच भरलेली असते.

ज्यांना चालता येतं आणि सामान थोडं आहे, त्यांनी बॅग बाहेर ठेवूच नये. स्वतःच्या बॅगा स्वतः ओढत उतरणाऱ्यांना सगळ्यात आधी सोडतात. पण गुडघेदुखीवाल्यांना हा सल्ला नाही, कारण त्या वेळी लिफ्ट मिळणं अशक्य. व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशी सांगून नाव लिहून घ्यायला लावा.

झोपण्याआधी आणखी एक. फोन विमान मोडवरच ठेवा, आणि घड्याळ आपोआप बदलायचं बंद करा. जहाज सिंगापूरजवळ येतं तेव्हा समोर इंडोनेशियाची बाटम, बिंतान ही बेटं असतात, आणि तिथली वेळ सिंगापूरच्या एक तास मागे. फोननं तिथलं नेटवर्क पकडलं तर सहाचा गजर सातला वाजतो. विमान मोड नसेल तर जहाजाचं समुद्रावरचं नेटवर्क पकडून रोमिंगचं बिलही येतं, ते वेगळं.

सकाळी साडेपाचला डेकवर जा. हे एवढं एकच काम मजेचं आहे. नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे इतके असतात की किनारा कुठून सुरू होतो ते कळत नाही. मग लगेच खाली येऊन नाश्ता करा, कारण तो लवकर बंद होतो. केबिन सोडताना तिजोरी उघडी ठेवून बघा, प्लगमध्ये चार्जर बघा. पुढं थिएटरमध्ये किंवा लाउंजमध्ये आपल्या रंगाची हाक येईपर्यंत बसायचं. उगाच गँगवेशी, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेशी, जाऊन उभं राहू नका, तिथून परत पाठवतात.

आमचं जहाज मरीना बे क्रूझ सेंटरला लागलं. हॉलमध्ये रंगाप्रमाणे बॅगांच्या ओळी असतात; काळ्या बॅगा सगळ्यांच्याच, म्हणून हँडलला लाल रिबीन बांधलेल्यांचं पटकन भागलं. जवळच मरीना साउथ पियरचं मेट्रो स्टेशन आहे, पण सामान आणि ज्येष्ठ असतील तर मेट्रोचा हट्ट नको, सहा जणांची मोठी टॅक्सी करा. विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊच नका. बंदर ते चांगी हे अंतर अर्ध्या तासाचं, पण उतरणं, इमिग्रेशन आणि टॅक्सीची रांग आपल्या हातात नसते.

जमिनीवर पाय टेकल्यावर पायाखाली हलल्यासारखं होतं. घाबरून बीपी तपासत बसू नका. शरीराला डोलण्याची सवय झालेली असते, एक-दोन दिवसांत जातं. आमच्या मामींना तर घरी देवघरापुढं बसल्यावरही हललं.

मुंबईत संध्याकाळी उतरलात तर महालक्ष्मी एक्सप्रेस पकडता येते, असं कागदावर दिसतं. विमान वेळेवर, बॅगा वेळेवर आणि रस्ता मोकळा, हे तिन्ही एकाच दिवशी घडावं लागतं. तिकीट काढायचंच असेल तर सीएसएमटीऐवजी दादरहून काढा, विमानतळाला तेच जवळ. आम्ही आधीच ट्रॅव्हलर गाडी ठरवली होती. रात्री एक्सप्रेस वे आणि खंबाटकी मोकळी मिळते, पेठ नाक्यावरून आत वळलात की आष्टा, मग सांगली. ड्रायव्हरला विमानाचा नंबर निघतानाच पाठवून ठेवा. उशीर झाला तर तो बघूनच निघतो आणि पार्किंगचे पैसे वाचतात.