ज्या नाटकात काही होतच नाही, ते काऊन करता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तालमीच्या हॉलबाहेर, लग्नाच्या पंगतीत, बँकेत माझ्या टेबलासमोर, सगळीकडे तुम्ही हेच विचारता: "सर, ज्या नाटकात काही होतच नाही, ते काऊन करता?" मग आवाज जरा खाली आणून दुसरा प्रश्न: जगण्याला अर्थ नाही असं सांगणारी नाटकं विशीतल्या पोरांकडून करून घेता, ती खचली तर?

आजवर मी हसून वेळ मारून नेली. नाहीतर व्याख्यान दिलं. बेकेट या नाटककाराचं 'वेटिंग फॉर गोदो', ज्यात दोघं जण न येणाऱ्या गोदोची वाट पाहत बसतात, ते 1953च्या जानेवारीत पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात लागलं, आयनेस्को या दुसऱ्या नाटककाराला पहिलं नाटक सुचलं ते इंग्रजी शिकायच्या पुस्तकातल्या 'छत वर असतं, फरशी खाली असते' छाप वाक्यांवरून, समीक्षक मार्टिन एसलिननं 1961 साली पुस्तक लिहून या सगळ्यांना 'ॲब्सर्ड', म्हणजे असंगत, म्हणून एकाच खोलीत कोंडलं, वगैरे वगैरे. ऐकणाऱ्याचा चहा निवून जायचा आणि प्रश्न तिथल्या तिथेच राहायचा.

नाटककार महेश एलकुंचवार आपल्याच गावचे असताना बेकेट कशाला, असंही ऐकवता. त्यांचं 'वाडा चिरेबंदी' मी तुमच्याइतकंच मानतो. त्यातला दारात गंजत उभा असलेला ट्रॅक्टर मला आमच्या गावाकडच्या प्रत्येक वाड्यासमोर दिसतो. पण तिथे वाडा पडतो, माणसं तुटतात, काहीतरी घडतं. मला जे पाहायला मिळालं त्यात काहीच घडलं नाही, आणि तेच तर सांगायचं आहे.

2006चा खरीप संपल्यावर माझे मोठेबाबा गेले. यवतमाळ जिल्ह्यातलं गाव, कापूस. ते कसे गेले हे विदर्भात वेगळं सांगावं लागत नाही. सरकारनं तेव्हा अशा घरांसाठी 1 लाख रुपये ठेवले होते, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेव म्हणून. त्यासाठी मोठीआईला घेऊन मी कचेरीत जायला लागलो. नागपूरचा, बँकेतला, कागद कळणारा पुतण्या म्हणून.

कागद असे होते. सातबारा आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन किती तरी वर्षं झालेली. फेरफार झाला नव्हता, कारण आत्यांच्या सह्या व्हायच्या होत्या, आणि एका आत्यानं माहेरी बोलणंच टाकलं होतं. सातबारा नावावर नाही म्हणून मोठेबाबांना बँकेचं पीककर्ज नाही. म्हणून बियाणं, खत, औषध सगळं कृषी केंद्रातून उधार, तेही दुकानदाराच्या वहीत. ती वही म्हणजे कर्जाचा पुरावा नव्हे. मान्य संस्थेचं कर्ज नाही, म्हणजे कर्जबाजारीपणा नाही, म्हणजे आत्महत्या कर्जापायी नाही. प्रकरण अपात्र. यातली एकही पायरी खोटी नाही. मोठेबाबा माझ्या टेबलासमोर बसले असते, तर मीही आधी सातबाराच मागितला असता.

हे एका दिवसात कळलं असतं तरी बरं. साहेब दौऱ्यावर, सोमवारी या. सोमवारी साहेब मीटिंगला, पंचनाम्याची प्रत आणली का? प्रत आणली तर त्यावर शिक्का नाही. मोठीआई प्रत्येक वेळी धुतलेलं लुगडं नेसून, पिशवीत भाकर घेऊन यायची. व्हरांड्यात आणखी दोन-तीन घरची माणसं असायची. मग कोणाची कपाशी किती फुटली, कोणाची पोरगी कुठे दिली, असल्या गप्पा चालायच्या. वेळ जायचा. तसाही तो गेलाच असता.

शेवटी एका बाबूनं, बिचाऱ्यानं समजावण्याच्या सुरातच, सांगितलं, "आजी, मयतानं आधी फेरफार करून घ्यायला पाहिजे होता." मोठीआई म्हणाली, "सांगून गेले असते तं म्या करून घेतला असता, साहेब."

शिपाई आधी हसला. मग बाबू, मग व्हरांड्यातले, मग मी. मोठीआई सुद्धा हसली, तोंडाला पदर लावून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. ते पाणी कशाचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि तुम्हीही मला सांगू नका.

त्या हसण्यासाठी मला नाटक पाहिजे होतं. करुण नाटकात ते बसत नाही. विनोदी नाटकात तर नाहीच. पैसे मिळाले नाहीत, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पुढे तेच विचाराल.

मग आम्ही 'गोदो' बसवलं, आमच्या बोलीत. "चाल, जाऊ." "जाता नाही येत." "काऊन?" "गोदोची वाट पाहून राहिलो ना." एका स्पर्धेच्या परीक्षकांनी लिहिलं की आशय पोहोचत नाही आणि बोलीमुळे मूळ नाटकाचं वैश्विकपण हरवतं. नंतर नागपूरच्या सायंटिफिक सभागृहात प्रयोग केला तेव्हा मोठीआईला आणलं. बूट ओढण्याच्या प्रसंगाला ती खूप हसली, मधे झोपली, उठली. बाहेर आल्यावर म्हणाली, "तो निरोप आणणारा पोरगा दोन्ही वेळा एकच होता का दुसरा?" मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही; पोरगा तर म्हणतो मी काल आलोच नव्हतो. ती म्हणाली, "आपल्या कचेरीतले बी असंच म्हणत. तुम्ही पहिल्यांदाच आल्या म्हणे."

1956 साली मायामीत हेच नाटक 'दोन खंडांना हसवणारं' अशी जाहिरात करून लावलं, तर तिकीट काढून आलेले प्रेक्षक मधेच उठून गेले. पुढच्या वर्षी सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे 1400 कैद्यांपुढे झालं. त्यांना कोणी अर्थ समजावून सांगावा लागला नाही. त्यामुळे 'आपल्या लोकांना झेपत नाही' हे मला पुन्हा ऐकवू नका. तान्ह्या पोळ्याला तुम्ही मारबतीचा पुतळा मिरवत काढता, 'ईडा पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फोडता, ती जाळता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच बांधता, कारण डासही तेच आणि महागाईही तीच. आणि तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलणारा ग्रीक कथेतला सिसिफस कोण म्हणून मला विचारता!

सिसिफसवरून त्याच्यावर निबंध लिहिणारा फ्रेंच लेखक काम्यू आला. इथे माझंच माझ्याशी पटत नाही. कॉलेजात असताना मी त्याच्या 1942च्या त्या निबंधाचं शेवटचं वाक्य वहीवर लिहून फिरायचो: सिसिफस सुखी आहे अशी कल्पना केली पाहिजे. आज ते वाक्य वाचलं की कचेरीचा व्हरांडा आठवतो. मोठीआई सुखी होती अशी कल्पना मी करणार नाही, कोणी कितीही सुंदर लिहिलं तरी. बेकेट तेवढं तरी मागत नाही.

पण तो कॉलेजातला मुलगाही गप्प बसत नाही. तो म्हणतो, मोठेबाबा जिवंत असतानाही तू हीच नाटकं करत होतास. सेट लागत नाही, नट कमी लागतात, वर चार लोक हुशार समजतात. आता त्यांचं मरण प्रमाणपत्रासारखं का दाखवतोस? याला माझ्याकडे उत्तर नाही. 'सतीश आळेकरांनी 1974 सालीच 'महानिर्वाण'मध्ये मेलेल्या माणसाला स्वतःच्या मरणाचं कीर्तन करायला उभं केलं, तेव्हा हे मरण काही माझ्यापासून सुरू होत नाही' असं म्हणून मी निसटतो. तो हसतो.

राहिला पोरं खचण्याचा प्रश्न. मला माहीत नाही. एक जण नाटक सोडून पुण्याला गेला, पण तो नोकरीसाठी गेला. एकीची आई अजून माझ्याशी बोलत नाही. तालमीत ती सगळी एवढी हसतात की शेजारचे तक्रार करतात, एवढंच मी शपथेवर सांगू शकतो.

यंदा आमच्या नाट्यमंडळाला कॉमेडी करायची आहे. मी म्हटलं, हीच कॉमेडी आहे, इंग्रजी 'गोदो'वर खुद्द बेकेटनं 'ट्रॅजिकॉमेडी' असं छापलंय. पोरांनी हात वर करून मतदान घेतलं आणि मी हरलो. दोन दारं, एक सोफा आणि विसरभोळे सासरे आहेत. नेपथ्य माझ्याकडे दिलंय. सोफा कोणाकडे असेल तर सांगा.