सोनेरी पावडर आणि कोल्हापूरचा पाऊस
आज दुपारभर कार्डंच केली, बहिणीच्या पोराचं बारसं आहे ना, तिला छापील पत्रिका नकोच होती. बाहेर धो धो पाऊस, म्हणजे कागद सादळलेला, आणि हीट एम्बॉसिंगला (म्हणजे ओल्या ठशावर खास पावडर टाकून ती हीट गनच्या गरम हवेनं वितळवायची, की नक्षी उठून दिसते) असला कागद म्हणजे डोक्याला ताप, पावडर नको तिथंच चिकटून बसते. म्हणून आधी टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा मग स्टॅम्प मारायचा, तो पण साध्या शाईनं नाही, हळू वाळणारी एम्बॉसिंगची शाई लागते, लगेच सोनेरी पावडर ओतायची आणि उरलेली टिचकी मारून परत डबीत.

वहिनी म्हणाल्या, घरात हेअर ड्रायर आहे की, हीट गन कशाला? अहो वहिनी, ड्रायरला वारा जास्त आणि धग कमी, पावडर वितळायच्या आधी उडूनच जाणार!! गन आधी जरा तापू द्यायची, मग धरायची. दाणेदार सोनेरी एकदम चकाकतं तिथंच थांबायचं, जास्त तापवलं की पावडर कागदात मुरते, तेलकट दिसतं सगळं.

पण खरं सांगू, मला पारदर्शक पावडरच जास्त आवडली. पांढऱ्या कागदावर ठसा उठवून वरनं वॉटरकलर फिरवला की रंग ठशावर थांबतच नाही, पांढरी नक्षी आपोआप वर येते. नाद खुळा दिसतंय! फोटो रात्री टाकते, आता पाऊस उघडला की महाद्वार रोडला रिबन आणायला जायचंय.